माणशी दोन डबे

टँकर अकराला येतो, म्हणून साडेनवालाच जाऊन उभं राहायचं. उशीर झाला की टाकीच्या तळाचा गाळ आपल्या वाट्याला. जून महिना, गरम वाऱ्याची लू अशी चाललेली की तोंडावर ओला पंचा धरला तरी पाच मिनिटांत खडखडीत. ओळीत सगळ्या बायका आणि त्यांत मी एकटा बाप्या. अडुसष्ट वर्षांचा, कमरेला हर्नियाचा पट्टा, दोन्ही हातांत तेलाचे रिकामे डबे. एप्रिलात बायका मला बघून पदराआड हसायच्या. एकीनं विचारलंही होतं, "काका, पाणी भरायला बाई ठेवा ना एखादी!" आता कुणी हसत नाही. हसायला घशात ओल लागते.

दौलतगंजातली ही आमची गल्ली पाण्याच्या लाइनीच्या अगदी शेवटी आहे. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी खाली गेलं तसे नळ आधी एक दिवसाआड झाले, मग दोन दिवसांआड, आणि आमच्या टोकाला तर नुसती हवा. सूं सूं आवाज करून नळ गप्प. हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी एकतीस वर्षं पाणी खात्यात चावीवाला होतो. माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी खड्ड्यात घालायची, आटे मोजत वॉल्व्ह खोलायचा, घड्याळ बघून बंद करायचा. जयेंद्रगंजला किती आटे, गोरखीला किती, झोपेतून उठवून विचारा. आणि आज तोच मी डबे घेऊन ओळीत! असो. कुणाला सांगायचं?

चौकात काळी टाकी ठेवली आहे. दर तिसऱ्या दिवशी टँकर ती भरून जातो. पहिल्या दोन वेळा मारामारीच झाली, एकीचं डोकं फुटलं. मग भालचंद्रपंत गर्दे पुढे झाले. शाळेत गणिताचे मास्तर होते, आता निवृत्त. त्यांनी घरोघर जाऊन राशनकार्ड बघितलं, वहीत नावं लिहिली आणि नियम केला, "माणशी दोन डबे. ज्याचं नाव वहीत, त्याला पाणी. पाहुणे, रावळे, भाडेकरूंचे मेहुणे, कुणी नाही." लोक कुरकुरले, पण मारामारी थांबली ती थांबलीच. टाकीपाशी खुर्ची टाकून पंत नाव पुकारायचे, बाई पुढे व्हायची.

"धुमाळ, चार."

हे माझं नाव. संभाजीराव धुमाळ, मुलगा संग्रामसिंह, सून विनिता, नात हर्षिता. चार माणसं, आठ डबे.

यांतली तीन माणसं फेब्रुवारीतच नोएडाला गेली, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पंत वही घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी म्हणालो, "हर्षीची परीक्षा झाली की येतायत सगळी. लिहा चार." पंतांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं.

माझ्याकडे डबे दोनच. दोन्ही हातांत एकेक, चार खेपा, एकेका खेपेला एकतीस पायऱ्या. पहिली खेप बरी जाते. दुसऱ्या खेपेला गुडघे बोलायला लागतात. तिसऱ्या खेपेला मधल्या वळणावर डबे ठेवून भिंतीला पाठ लावायची, पट्टा वर ओढायचा, आणि कुणी बघत नाही ना ते बघायचं. डब्याची कडी बोटांत रुतून पांढरे वळ उठतात. चौथी खेप संपेपर्यंत एक वाजलेला असतो. मग अंगातला सदरा पिळून वाळत टाकायचा. तेवढं पाणी मात्र फुकट आणि मुबलक.

आता तुम्ही म्हणाल, एकट्या म्हाताऱ्याला आठ डबे हवेत कशाला? सांगतो. हसू नका.

माझ्या दोन डब्यांत मी भागवायचो. एक प्यायला आणि स्वयंपाकाला, दुसऱ्यात आंघोळ आणि भांडी. दोन दिवसांतून एकदा आंघोळ. उरलेले सहा डबे त्यांचे. त्यांचं पाणी त्यांच्याच कामाला. संग्रामची खोली मी दर तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसायचो. विनिताच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे धुवायचो. कुणी झोपत नव्हतं त्या पलंगावर, तरी धुवायचो. धूळ काय माणसं बघून बसते? हर्षीची सायकल धुवायचो. आणि तिच्या नावाचं पाणी आमच्या कैलासवासी मंडळींच्या माहेराहून आलेल्या दोन पितळी हंड्यांत भरून ठेवायचो, वर ताटली. त्या पोरीला नळाचं पाणी तोंडानं प्यायची सवय. आली तर तहानलेली येईल, असं वाटायचं. हंड्यातलं पाणी वापरायला हात होत नव्हता आणि ओतून द्यायलाही. मग पितळी भांडं ते, राहील पाणी चांगलं, म्हणून तसंच ठेवत गेलो. तिच्या वाटणीचे नवे डबे मग जिन्यातल्या दोन बादल्यांत जायचे आणि तिच्या खोलीच्या फरशीवर संपायचे. हंड्यांची ताटली मी महिनाभर उचलली नाही. चावीवाला म्हणे!

ती तिघं गेली कशी, तेही सांगून टाकतो. नोकरीत मी दोनशेच्या वर घरांचे टुल्लू पंप उखडले असतील. हा लहानसा पंप नळाला लावला की लाइनीतलं पाणी ओढून घेतो आणि पुढच्या घराला हवा मिळते. बायका शिव्या घालायच्या, एकीनं माझ्या अंगावर राख फेकली होती. पण माझ्या हाताखालच्या लाइनीत शेवटच्या घराला पाणी पोचायचं. नळ मंद झाले तशी विनिता म्हणाली, "बाबा, सबने लगा लिया है. आपणही लावू." मी नाही म्हणालो. चार महिने ती खालून बादल्या आणत होती. तिची कंबर धरली, तरी मी नाही म्हणालो. एक दिवस संग्रामनं पंप आणून बसवला. पाणी धो धो वर आलं, हर्षी नाचली. मी पाना घेतला, खाली उतरलो आणि सगळ्या गल्लीदेखत तो पंप उखडून काढला. विनिता फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, इस घर में आपको पूरी दुनिया की प्यास दिखती है, हमारी नहीं."

आठवड्यानं ट्रक आला.

माझं चुकलं का? अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पंप चोरीचाच होता. पण नाचणाऱ्या पोरीसमोर उखडायला नको होता, हे खरं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंतांकडे नातू झाला. पंतांचा मुलगा अपूर्व, सून अंतरा. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली तेव्हा मी खाली उतरून लांबूनच बघितलं. मूठभर पोर, सगळं तोंड रडण्यानं भरलेलं. टँकरच्या दिवशी पंतांनी आपलं नाव स्वतःच पुकारलं.

"गर्दे, चार."

ओळीतली एक बाई म्हणाली, "पाच ना हो काका? नातू विसरलात?"

"त्याचं नाव कुठे आहे वहीत?" पंत म्हणाले. "बारसं व्हायचंय अजून. नाव नाही तर काय लिहू? एकाचं बिननावाचं लिहिलं की उद्या दहा जणं येतील, आमच्याकडेही बिननावाचं आहे म्हणत."

"अहो बाबा, कुछ भी?" अंतरा बाळंतीण म्हणून डबे घेऊन आलेला अपूर्व म्हणाला. "बेबीला पाणी नको? नाम नहीं है तो प्यास भी नहीं है क्या?"

"तेराव्या दिवशी बारसं. तोवर आपल्या आठांत भागवायचं. मी नियम केला आणि मीच मोडू?"

मास्तरकी हाडात भिनलेली! मी मान डोलावली. मला पंतांचं पटलंच. पंप उखडणारा माणूस मी, मला न पटून कसं चालेल? आणि लगेच पुढे त्यांनी पुकारलं, "धुमाळ, चार." मी पुढे झालो आणि आठ डबे भरले. माझ्या मनात तेव्हा काहीसुद्धा आलं नाही, ही खरी लाजेची गोष्ट.

गर्द्यांच्या दोरीवर लंगोट वाळत असायचे. पिवळे डाग तसेच. एकाच बादलीत सगळे खळबळून काढलेले. मी जाता-येता ते बघायचो आणि वर चढायचो.

नंतरच्या मंगळवारी मलेरियावाली बाई आली. उन्हाळ्यात लोक पाणी साठवतात, साठवलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून घरोघर जाऊन टाक्या-हंडे तपासायचं तिचं काम. हातात बॅटरी आणि एक पांढरी वाटी. बरोबर गल्लीतल्या दोन-तीन बायका, त्यांत शामलावहिनी, पंतांच्या पत्नी. अंतराच्या खोलीत डास फार झाले होते म्हणून त्या स्वतःच बाईला घेऊन घरं दाखवत फिरत होत्या.

"बाबूजी, पानी कहां-कहां भरा है?"

मी स्वयंपाकघरातला माझा डबा दाखवला. ती सरळ आत गेली. संग्रामच्या खोलीचं दार ढकललं. आत धुतलेले पडदे, धुतलेली चादर, पुसलेली फरशी, कोपऱ्यात ओल्या बादल्या, आणि खिडकीखाली दोन हंडे. शामलावहिनी दारातच थांबल्या. त्यांनी पडद्याला हात लावला. तो अजून दमट होता.

बाईनं ताटली उचलली, बॅटरी मारली, वाटी बुडवली. वाटीत बारीक बारीक किडे वळवळत होते. वर जायचे, खाली यायचे.

"लार्वा ही लार्वा. देखिए. कब का पानी है ये?"

मी ताटली परत हंड्यावर ठेवायला गेलो.

"बाबूजी, ये तो फेंकना पड़ेगा. घर में कितने लोग हैं?"

हा प्रश्न चार महिने मी टाळत होतो, आणि तो विचारला कुणी, तर एका अनोळखी बाईनं, आणि विचारला तोही शामलावहिनींच्या देखत. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "एक. एकच राहतात."

दोन्ही हंडे मलाच खाली न्यावे लागले. तिच्या समोर नालीत ओतायचे असा तिचा नियम. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. बायका दारांत उभ्या. मी पहिला हंडा कलंडवला. महिनाभर कोरडी पडलेली नाली एकदम वाहायला लागली, गर्द्यांच्या दारावरून पुढे गेली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. दुसराही ओतला.

मग वहिनी बोलल्या. मोठ्यानं नाही बोलल्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भावजी, आमच्या बाळंतिणीला मी तीन दिवसांनी एकदा अंग पुसून देते. न्हाऊ नाही, अंग पुसून. पोराला लंगोटाचं पुरळ उठलंय, सगळी मांडी सोललीय. आणि तुम्ही पडदे धुताय? कुणासाठी हो? सांगा ना, कुणासाठी?"

मला म्हणायचं होतं, हर्षीसाठी. मी रिकामे हंडे घेऊन वर आलो आणि दाराला कडी लावली. त्या दिवशी मी जेवलो नाही. भूकच मेली होती. दोनशे घरांचे पंप उखडले, आणि पुढच्या घराचं पाणी ओढणारा शेवटचा पंप कोण, तर मी! बिनविजेचा, अडुसष्ट वर्षांचा.

संध्याकाळी पंत आले. जिना चढून धापा टाकत होते. खुर्चीवर बसले, वही मांडीवर ठेवली.

"संभाजीराव, आमची मंडळी बोलली ते मनावर घेऊ नका."

"खोटं काय बोलल्या?"

"तसं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला ठाऊक होतं. एप्रिलपासून ठाऊक होतं. दर वेळी म्हणायचो, आज नाव खोडू. तुम्ही डबे घेऊन उभे राहायचात, आणि माझा हात धजायचा नाही."

"नातवाचं लिहायला नियम आडवा आला तुम्हाला. माझी खोटी तीन चालली?"

"हो," पंत म्हणाले. "तुमचं खोडणं म्हणजे काय खोडणं होतं, ते मला कळत होतं हो."

आता काय बोलायचं? इतकं बरं माणूस असू नये कुणी. मला त्यांचा रागच आला. मी चहाचं विचारलं, ते नको म्हणाले, माझ्या घरातलं पाणी जायला नको म्हणून. उठताना म्हणाले, "परवा टँकर आहे. तुम्ही सांगाल तसं पुकारीन. तुमच्या तोंडून येऊ दे." आणि वही काखेत मारून हळूहळू उतरले.

ते गेल्यावर मी संग्रामला फोन लावला. एरवी रविवारी तो करतो, पाच मिनिटं, तब्येत विचारतो, औषध विचारतो. मी आपणहून कधी करत नाही. पहिल्या घंटीलाच त्यानं उचलला.

"बाबा? काय झालं? सब ठीक?"

"ठीक. एक विचारायचं होतं. मोहल्ल्याची पाण्याची यादी नव्यानं होतेय. तुमची नावं ठेवू ना?"

"कसली यादी?"

"टँकरची. माणशी दोन डबे मिळतात. तुम्ही येणार असाल तर..."

"बाबा, हम वहां हैं कहां?" तो हसला. वाईट नव्हता हसला, आपला सहज. "काढून टाका ना. और हां, सांगायचं राहून गेलं, हर्षिताची ॲडमिशन झाली इथंच. अच्छा स्कूल है, बस घरापर्यंत येते."

"कधी झाली?"

"एप्रिलमध्येच. बताने ही वाला था."

एप्रिल. मी पंतांना "लिहा चार" म्हणालो, तोच महिना.

"बरं झालं," मी म्हणालो. "विनिताची कंबर?"

"आता ठीक आहे. इथं काही उचलावं लागत नाही ना. नल खोलो, पानी. तुम्ही या ना बाबा थोडे दिवस."

"बघतो. इथलं काम असतं."

"कौन सा काम?" तो म्हणाला.

मी म्हणालो, दारावर कुणीतरी आलंय, ठेवतो. दारावर कुणी नव्हतं.

गुरुवारी साडेनवाला मी ओळीत होतो. बायकांनी माझ्यासाठी जागा केली, जरा जास्तच केली. माझ्या पुढेही हातभर मोकळं, मागेही हातभर मोकळं. कुणी टोमणा मारला नाही. मारला असता तर मी दोन शब्द बोललो तरी असतो. टँकर आला, टाकी भरली, पंतांनी वही उघडली. गर्द्यांचं पुकारलं, "चार," आणि अपूर्व पुढे झाला. पाचसहा घरं झाली. मग पंत थांबले. माझ्याकडे बघितलं नाही, वहीतच बघत राहिले.

"धुमाळ," ते म्हणाले. आणि पुढे आकडा नाही.

टाकीतून पाणी ठिबकत होतं तेवढा आवाज. मला वाटलं होतं, सोपं आहे. एकच शब्द. पण तो बोलण्याआधी मी दोन्ही डबे खाली ठेवले.

"एक," मी म्हणालो. "तीन नावं खोडा. आणि ते सहा डबे बाळाच्या घरी द्या. बारशाची वाट बघू नका. नावाचं काय, नाव असून सगळीच माणसं घरात असतात असं थोडंच आहे."

पंतांनी रेघ मारली. हलकी मारली, तरी कागदावर टोक घासल्याचं मला ऐकू आलं. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. ओळीतून एक बाई म्हणाली, "बरं केलंत काका." सगळ्यांनाच बरं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं.

मी माझे दोन डबे भरले. मग बघितलं तर अपूर्व बाळाच्या वाटणीचे सहा भरत होता. मी डबे खाली ठेवून त्याच्यापाशी गेलो. म्हणालो, "दे दोन इकडे. मी पोचवतो. मला सवय आहे."

"अरे नहीं काका, आप रहने दो," तो म्हणाला. आदरानंच म्हणाला. "मी आहे ना. तीन चक्कर में हो जाएगा."

"एक तरी दे."

"तुम्ही आराम करा आता, काका."

त्यानं दोन्ही डबे उचलले आणि झपझप चालायला लागला. तरणा गडी, पाणी सांडलंसुद्धा नाही.

मी वर आलो. एकतीस पायऱ्या, एक खेप, वळणावर थांबावंही लागलं नाही. डबे स्वयंपाकघरात ठेवले, वर झाकण ठेवलं. सदरा कोरडा होता. घड्याळात बघितलं तर अकरा वाजून चाळीस मिनिटं झालेली. एरवी एक वाजायचा. संग्रामच्या खोलीच्या दाराशी गेलो. फरशीवर दोन दिवसांची धूळ बसली होती, फडकं खुंटीला होतं, आणि पुसायला त्यांचं पाणी नव्हतं. दार लोटून घेतलं. पुढचा टँकर रविवारी. तोवर करायचं काय, ते मला एकट्याला कळेना.